न विकण्याची शपथ

भावजयीचा फोन आला तेव्हा माझ्या काट्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. खामगावात जिनिंग मिलच्या रस्त्याला आमचा वजनकाटा आहे. भरलेली गाडी चढते, वजन होतं, मी पावती फाडते, पुढची गाडी चढते. हंगामात मी घरचे फोन घेत नाही. तिने लागोपाठ केले म्हणून घेतला.

“बाई, तुम्ही या,” ती म्हणाली. “हे कालपासून धड जेवले नाही. बोलूनबी नाही राह्यले. नुसते फोनात पाह्यत बसले.”

“भाव पडला का त्याच्या कॉइनचा?”

“पडूनच राह्यला. सोमवारी रजिस्ट्री आहे अन् पैसा सारा तिथं आहे.”

“सारा?”

“हाव. सारा.”

फोनवरच्या त्या क्रिप्टो कॉइनमध्ये थोडे टाकले आहेत, एवढंच मला माहीत होतं. सारे टाकलेत हे त्याने मला सांगितलं नव्हतं. मी नवऱ्याला काट्यावर बसवलं आणि मेहकरची गाडी पकडली. आमचं माहेरचं गाव जानेफळच्या पलीकडे आहे.

गुरुवार होता. सोमवारपर्यंत मधे शनिवार-रविवार. ॲपमधून पैसे बँकेत यायला म्हणायला एक दिवस, प्रत्यक्षात दोन दिवस लागतात, असं भाऊच मागे बोलला होता. म्हणजे जे विकायचं ते आजच विकायला हवं होतं. बसमध्ये मी दुसरा कसला विचार केला नाही.

माझा धाकटा भाऊ शेती करतो. महामार्ग निघाला तेव्हा आमच्या वडिलांच्या वावराचा चांगला तुकडा त्यात गेला. मोबदला मिळाला. त्या पैशात दुसरं वावर घ्यायचं असं तेव्हाच ठरलं होतं, पण रस्ता झाल्यावर आजूबाजूच्या जमिनीचे भाव असे चढले की मोबदल्यात पूर्वीच्या निम्मीही येईना. पैसा बँकेत पडून राहिला. भाऊ दरवर्षी जमिनी बघायचा आणि हात हलवत परत यायचा. यंदा पावसाळ्यात एकदाचं तीन एकरांचं जमलं. काळी जमीन, डांबरी सडकेला लागून. इसार दिला, कागद झाला. बाकीची रक्कम सोमवारी द्यायची होती. नाही दिली तर इसार बुडणार आणि मालक मोकळा. मालकाकडे दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं. त्याला तिथे धाबा टाकायचा होता.

इसार आणि रजिस्ट्री यांच्या मधले हे तीन-चार महिने भावाला नडले. तेवढे दिवस पैसा बसून काय करेल, असं त्याला वाटलं. गावातल्या चौदा जणांचा एक ग्रुप होता. बुलढाण्याचा एक माणूस फोनवरून त्यांना शिकवायचा. सगळ्यांनी मिळून एकच कॉइन घेतलं होतं. मोठं नावाजलेलं नाही, छोटंच, स्वस्त. भावाने आधी थोडे टाकले. ते वाढले. मग आणखी टाकले. तेही वाढले. मग उरलेले टाकले.

या भागात कापूस घरात भरून ठेवायची रीत आहे. भाव पडला की विकायचा नाही. माजघरात कापूस, झोपायच्या खोलीत कापूस, अंगाला खाज सुटते, पण माणसं थांबतात. एका वर्षी असं थांबून भावाला खरंच चांगला भाव मिळाला होता. जो थांबला तो जिंकला, हे त्याच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं. पण कापसाला खाली कुठेतरी सरकारचा हमीभाव असतो. सूत काढणारी गिरणी असते. सरकी असते, गुरांसाठी तिची ढेप असते. काहीच नाही झालं तरी गादी भरता येते. त्या कॉइनखाली काय आहे, हे चौदांपैकी कोणी विचारलं नव्हतं.

घरी पोचले तर भाऊ ओसरीत खाटेवर बसलेला. दाढी वाढलेली. फोनला चार्जरची वायर लावलेली आणि ती वायर पुरावी म्हणून खाट भिंतीकडे सरकवलेली.

“काऊन आली?” तो म्हणाला.

“तुले पाहाले आली. किती उरले?”

“उरले म्हंजे? तेवढेच आहे. कॉइन कुठं कमी झाले? भाव कमी झाला.”

“रजिस्ट्रीत कॉइन घेते का मालक?”

भावजय दारात उभी होती. ती म्हणाली, “सकाळी जेवढे होते त्यापेक्षा आता अजून कमी झाले, बाई.”

“तू आत जाय,” भाऊ म्हणाला. ती गेली नाही.

मी फोन मागितला. आधी त्याने ग्रुप दाखवला. भाव वाढत होता तेव्हाचे मेसेज मी वर सरकवून बघितले. सकाळी उठल्यापासून नुसती झुंबड. कोणी गाडी कोणती घ्यायची विचारतोय, कोणी नोकरी सोडायची म्हणतोय. भाव पडायला लागल्यावर मेसेज कमी होत गेलेले. आदल्या दिवशी जगभरातच सगळ्या कॉइनचे भाव कोसळले होते, तिकडे परदेशात कोणीतरी काहीतरी बोललं होतं म्हणून. त्यानंतर ग्रुपवर फक्त बुलढाणेवाल्याचे मेसेज होते. भीतीने विकतो तो हरतो. धीर धरा. विश्वास ठेवा. खाली चौघा-पाचांनी हात जोडल्याची चित्रं टाकलेली.

“मले हे नको दाखवू,” मी म्हणाले. “घेनारे कुठं दिसते?”

“कोन घेनारे?”

“तू इकशील तं कोनी घ्याले पाहिजे ना. थे कुठं दिसते?”

त्याला ते कुठे दिसतं हे आठवावं लागलं. तीन महिने तो फक्त भावाचा आकडा बघत होता. शोधून त्याने एक यादी उघडली. एका बाजूला विकायला बसलेले, एका बाजूला घ्यायला बसलेले. प्रत्येकापुढे भाव आणि किती हवेत तो आकडा. मला ते लगेच समजलं. अडतीवरचा लिलाव असाच असतो, फक्त इथे माणसं दिसत नव्हती. विकणाऱ्यांची बाजू लांबलचक. घेणारे मोजके, आणि जे होते त्यांना थोडे-थोडेच हवे होते. माझ्या भावाजवळ जेवढे कॉइन होते तेवढे घ्यायला त्या भावात कोणी नव्हतंच. स्क्रीनवर जो भाव दिसत होता तो त्याचा नव्हता.

“आत्ता इकाले लाग,” मी म्हणाले. “जेवढे जातील तेवढे.”

“नाही इकता येत.”

“काऊन?”

भावजयच बोलली. “देवळात बेलभंडारा उचलला यायनं. चौदाही जनानं.”

आमच्याकडे शब्द मोडायचा नसेल तर देवापुढे बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन शपथ घेतात. निवडणुकीत घेतात, भावकीच्या भांडणात घेतात. या चौदा जणांनी मारुतीच्या देवळात जाऊन कॉइन न विकण्याची घेतली होती. भाव तिप्पट होईपर्यंत कोणी विकायचं नाही. एकाने विकलं की दुसरा घाबरतो, म्हणून सगळ्यांनी बांधून घ्यायचं, असा विचार. विचार वाईट नव्हता. फक्त ते कॉइन जगात आणखी कोणाकोणाजवळ होतं, त्यांनी काही मारुतीपुढे शपथ घेतलेली नव्हती.

“चौदातल्या एकानंबी इकलं नाही ना?” मी विचारलं.

“कोनीच नाही.”

“तुले कसं माहीत?”

“शपथ घेतली ना, ताई.”

मी काट्यावर बसते. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात बैठक होते. कोणी कापूस विकायचा नाही, भाव चढू द्यायचा. पहिली गाडी जो भरेल त्याला गाव भित्रा म्हणतं. त्यामुळे दिवसा कोणी भरत नाही. मग पहाटे काटा उघडायला जावं तर त्याच गावाच्या दोन गाड्या ताडपत्री घट्ट बांधून उभ्या असतात. दुसऱ्या दिवशी चार. मग गावाला कळतं आणि एकाच दिवशी सगळं गाव येतं, रांग पार सडकेपर्यंत जाते. जिनिंगचा माणूस बाहेर येऊन रांग बघतो, आत जातो आणि भाव कमी करतो. त्याला दुसरं काही बघावं लागत नाही. हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा बघितलं आहे की चौदा जणांतला एकही विकत नाही, यावर माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं.

“कुठं बसते हे सारे?” मी विचारलं.

“किराण्याच्या ओट्यावर.”

“चाल.”

तो यायला तयार नव्हता. मी चपला घातल्या आणि निघाले. मग आला.

किराणा दुकानाच्या ओट्यावर आठ-नऊ जण होते. दुकानदार गल्ल्यावर. दुधाचं संकलन करणारा एक जण कठड्याला टेकून बसलेला. निवृत्त झालेले एसटीचे कंडक्टर एकटेच खुर्चीवर, कारण त्यांचे गुडघे दुखतात. यांनी फंडातला पैसा घातला होता, हे मला वाटेत भावाने सांगितलं. बाकीचे तरुण.

“या बाई,” दुकानदार म्हणाला. “काटा सोडून इकडं कशा? इथं तं काही पोते नाही तोलाचे.”

“पाहू, निघते का काही,” मी म्हणाले.

मला पाटावर जागा दिली. चहा आला. मी गप्प बसून बघत राहिले. कंडक्टर रुमालाने फोनची काच पुसत होते, बघत होते, परत पुसत होते. तरुण पोरं सारखी फोन उघडत-मिटत होती. बोलता बोलता शब्द अर्धवट सोडत होती. दूधवाल्याचा फोन मात्र खिशात. तो एकाला म्हशीच्या पेंडीविषयी सांगत होता, सविस्तर, सावकाश. दुकानदाराचा फोन मागे फळीवर तेलाच्या पिपावर ठेवलेला, आणि मी बसले तेवढ्या वेळात त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

“धीर धरा लागते,” तोच इतरांना सांगत होता. “घाबरला थो मेला.”

“लय पडला ना पन, काका,” एक पोरगा म्हणाला.

“पडू दे ना बे. तू इकूनच नाही राह्यला तं तुले काय फरक पडते?”

मी कप खाली ठेवला. “माझ्या भावाची सोमवारी रजिस्ट्री आहे,” मी म्हणाले. “त्यानं तुमच्यासंगं शपथ घेतली म्हनून थांबला. मले एवढंच पाहाचं आहे, की चौदाही जनाजवळ माल अजून आहे का. तो पहिले दाखवते. मंग तुम्ही दाखवा.”

भावाने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर उठून गेली असती. मी हात पुढे केला. त्याने फोन दिला. मी तो सगळ्यांकडे फिरवून दाखवला.

“शपथ घेतल्यावर दाखवाची काय गरज?” दुकानदार म्हणाला. “आमच्यावर विश्वास नाही का?”

“आहे म्हनूनच पाहून राह्यली.”

“बायांनी यात पडू नये, बाई.”

“बरं. मंग तुमच्या बाईले बोलवा, तिले दाखवा, थे मले सांगन.”

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. कंडक्टरांनी आपला फोन समोर धरला. “घ्या, माहा पाहा. सारे तसेच आहे.” दोन पोरांनी दाखवले. तिसऱ्याने दाखवला. मग सगळ्यांच्या नजरा गल्ल्याकडे गेल्या.

“दाखव ना,” कंडक्टर दुकानदाराला म्हणाले. “दाखवाले काय लागते?”

दुकानदाराने पिपावरचा फोन उचलला, हातात धरला, पण उघडला नाही. “थोडेसे इकले,” तो म्हणाला. “पोरीची फी भराची होती.”

“थोडेसे म्हंजे?”

“आता जाऊ द्या ना.”

“अन् तू बे?” एका पोराने दूधवाल्याला विचारलं.

दूधवाला जमिनीकडे बघत होता. “यानं इकले थे मले कळलं,” तो दुकानदाराकडे मान वळवून म्हणाला, “मंग मी काय करू?”

मागे बसलेल्या एकाने न विचारताच सांगितलं की त्यानेही काढले.

मला वाटलं होतं आता भांडण होईल. झालं नाही. कोणी शिवीसुद्धा दिली नाही. त्याला वेळच नव्हता. एका क्षणात ओट्यावरची सगळी डोकी फोनवर वाकली. अंगठे चालायला लागले. एक पोरगा पायऱ्यांवरून खाली उतरून सडकेवर उभा राहिला, तिथे रेंज चांगली म्हणून. दुसरा त्याच्यामागे धावला. ओटा इतका शांत झाला की आत फ्रीज चालल्याचा आवाज येत होता.

“लाग,” मी भावाला म्हणाले.

तो तसाच उभा. “मी देवापुढं उचलला, ताई.”

“चौदा जनानं मिळून उचलला होता. आता चौदा आहे का?”

“त्यायनं मोडली म्हनून मी मोडू?”

वावर जाईल, एवढंच मला दिसत होतं. स्क्रीनवर घेणाऱ्यांची ती यादी वरून एक-एक ओळ गळत होती. ही पोरं विकत होती ते त्या ओळींवरच जात होतं. जगातली बाकीची माणसं काय करत होती ते मला माहीत नाही, पण त्या पाच मिनिटांत आमच्या गावानेच आमच्या गावाचा भाव पाडला, हे मी डोळ्यांनी बघितलं. आणि सुरुवात मी करून दिली होती.

कंडक्टर खुर्चीतून बोलले. “इक बे, इक. तुले वावर घ्याचं आहे. तुह्यासंगं ज्यायनं शपथ घेतली त्यातला मी एक आहे. माह्याकडून तू मोकळा.”

“तुम्ही?”

“मी बसतो. मले कुठं जाचं आहे?”

भावाने अंगठा लावला. सगळे एकदम विकायला टाकतो म्हणाला. मी नको म्हणाले. घेणारे वरच्या भावात जेवढे मागतात तेवढेच आधी दे. गेले. मग खालची ओळ. गेले. तिसऱ्या वेळी त्याने थोडा वरचा भाव टाकला आणि माल तसाच अडकून पडला.

“चढेल जरासा,” तो म्हणाला. “आत्ताच थोडा चढला होता.”

“काढ तो. घेनारा जेवढा म्हनते तेवढ्यात दे.”

“लय नुकसान आहे, ताई.”

“मले समजते. दे.”

त्याच्या कपाळावर घाम होता आणि अंगठा ओला झाल्यामुळे काचेवर चालेना. त्याने शर्टाला पुसला. परत दाबलं. असं करत करत बऱ्यापैकी माल गेला. शेवटचा थोडा राहिला तेव्हा घेणाऱ्यांच्या बाजूला कोणी उरलंच नाही. ती यादी रिकामी झाली. मग मी म्हणाले, जेवढे झाले तेवढे बँकेत पाठव. त्याने पाठवले.

कंडक्टरांनी खरंच काही विकलं नाही. मी निघताना त्यांना म्हणाले, भाऊसाहेब, थोडे तरी काढा. ते म्हणाले, “आता कोनाले इकू, बाई? सारे तं उतरून गेले.”

टाकले होते त्याच्या जेमतेम निम्मे हातात आले. बँकेत पोचले शनिवारी दुपारी. तोवर आम्ही मालकाच्या घरी जाऊन बसलो होतो. मालक सरळ माणूस, पण हिशोबाचा पक्का. कागदाप्रमाणे इसार त्याचा झाला, हे त्याने दोनदा सांगितलं. मी ते मान्य केलं. मग विचारलं, धाबेवाल्याला किती जागा पाहिजे? तो म्हणाला, त्याला मागचं नको, सडकेला लागलेला पुढचा भाग दिला तरी तो पैसे मोजतो. मी म्हणाले, मग पुढचा त्याला द्या, मागचा याला द्या, इसार याच्या बाजूला धरा. सोमवारी दोन्ही रजिस्ट्र्या एकाच वेळी करू. तुमचं नुकसान नाही.

त्याने रविवारचा पूर्ण दिवस विचाराला घेतला. तो रविवार माझ्या भावाने कसा काढला ते त्याची बायकोच सांगू शकेल. मी गोठा झाडला, भांडी घासली, नवऱ्याला फोन करून काट्यावर काय चाललंय विचारलं. संध्याकाळी मालकाचा होकार आला.

सोमवारी मेहकरला रजिस्ट्री झाली. तीन एकरांच्या जागी दीड एकर, सडक नाही. साक्षीदार म्हणून कंडक्टर आले, कारण ओट्यावरच्या दुसऱ्या कोणाला भावाने बोलावलंच नाही. दुकानदार आणि भाऊ आजही एकमेकांशी बोलत नाहीत. किराणा आता जानेफळहून येतो. रजिस्ट्रीच्या बाकावर बसलेले असताना मी कंडक्टरांना कॉइनचं विचारलं. त्यांनी फोन काढून दाखवला नाही. म्हणाले, “राहू द्या. अर्ध्या तिकिटाचाबी भाव नाही राह्यला.” आणि चष्मा लावून कागद वाचायला लागले.

कागद मीही वाचला. मागच्या दीड एकराला जायला पुढच्या जागेतून वाट लागणार होती. मालक म्हणाला, वाट आहेच, वर्षानुवर्षं सगळे जातात, धाबेवाला अडवणार नाही, त्याने मला शब्द दिला आहे. धाबेवाल्याने मान डोलावली. भाऊ पेन हातात घेऊन बसला होता. मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि दस्त लिहिणाऱ्याला सांगितलं की बैलगाडी जाईल एवढी वाट, कोणत्या बाजूने, किती रुंद, हे दोन्ही खरेदीखतांत घाला. तो वैतागला. छापलेलं सगळं परत काढावं लागणार होतं, आणि बाहेर लोक ताटकळत होते.

“लिहा,” मी म्हणाले. “आम्ही थांबतो.”

परत छापून यायला बराच वेळ लागला. आल्यावर वाटेची ओळ मी बोट ठेवून वाचली, धाबेवाल्याला वाचायला लावली, आणि मग भावाला पेन दिलं.